लवंगेचा थर

—नाही, एवढ्याने भागणार नाही, अजून उघडा. अजून. मंडळाच्या स्टेजवर तान घेताना उघडता तेवढं उघडा, रवींद्रराव, तिथे कसं पडजीभ दिसेपर्यंत उघडतं! हां. आता मिटायचं नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. तुम्ही बोललात तेवढं पुष्कळ झालं. हा कापूस गालात, हा इकडे, आणि ही नळी जिभेखाली — लाळ ओढते ती, तिला चावू नका, मागच्या वेळी चावलीत. मघाशी बाहेर बाकावर बसून काय म्हणत होतात? मला ऐकू येतं, लोकांचे दात काढता काढता स्वतःचे कान नाही काढून ठेवले मी. "पोहे खाताना पडलं." पोहे! या भोपाळात माणसं दाताने सुपारी फोडतात, बाटल्यांची झाकणं उघडतात, आणि त्यांचं फिलिंग वर्षानुवर्षं राहतं. तुमचं पोह्यांनी पडतं. आणि ते सांगायचं कधी, तर बाहेर चार पेशंट बसलेले असताना, खणखणीत आवाजात — "दुसऱ्यांदा पडलं हो, दुसऱ्यांदा!" मोजता येतं मला. एकदा जुईने भरलं ते संक्रांतीला पडलं, एकदा मी भरलं ते परवा पडलं. झाले दोन. अजून कुणाला सांगायचं राहिलंय का? मंडळाच्या ग्रुपवर टाकलंत की नाही?

संक्रांतीचं तर विसरणार नाही मी. दीडशे माणसं हॉलमध्ये, मी दाराशी उभा राहून एकेकाच्या हातावर तिळगूळ ठेवतोय, आणि तुम्ही मधोमध उभे राहून तोंडातून तिळाच्या गजकेचा तुकडा काढता, त्याला चिकटलेला तो पांढरा खडा सोडवता, तळहातावर ठेवता, आणि प्रसाद वाटावा तसे सगळ्यांपुढे फिरता — "बघा, जुईने भरला होता. एमडीएस आहे म्हणे!" एका बाईंनी तर पर्समधून चष्मा काढून बघितला. जुई दहा पावलांवर होती. बायकांना द्यायच्या वाणाच्या वाट्या लावत होती. तिने मान वर केली नाही, एक वाटी, दुसरी वाटी, तिसरी वाटी. सख्ख्या काकासारखं तुम्हाला मानणारी माझी मुलगी, लहानपणी तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मोठ्या तलावापर्यंत जायची — काय वाटलं असेल तिला? तुम्हाला नाही वाटलं काही. आणि मी — मी काय करणार होतो? मी हसलो. हो, हसलो. चार लोकांत उभं राहायचं तर हसावं लागतं. जाऊ द्या ते. उजेड डोळ्यावर येतोय का? येऊ दे, मिटा डोळे.

मी पहिल्या दिवशीच तुम्हाला म्हटलं होतं, चांदी भरा. म्हटलं होतं की नाही? पण नाही, तुम्हाला पांढरं हवं होतं. का तर हा दात हसताना दिसतो. बासष्ट वर्षांचे झालात, कुणाला हसून दाखवायचंय आता? चाळीस वर्षं मी याच सहा नंबरच्या स्टॉपजवळ चांदी भरतोय, अर्ध्या शिवाजी नगरच्या तोंडात माझी चांदी आहे, बदलून गेलेल्या साहेबांची मुलं परत आली की दाखवतात — अंकल, आपकी लगाई हुई है, हिली नहीं. आणि एक गंमत सांगू? चांदी दाताला चिकटत नाही. लोकांना वाटतं चिकटते. ती नुसती बसते. खड्डा असा कोरायचा की तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, मडक्यासारखा, आणि मग दाबून दाबून भरायची. बाहेर यायला वाटच नाही, तर जाते कुठे? दाताला ती आवडो न आवडो, राहावंच लागतं. या पांढऱ्याचं तसं नाही. याला दाताने आपणहून धरावं लागतं. आधी अ‍ॅसिड लावा, पंधरा सेकंद. मग धुवा. मग वाळवा, पण अगदी ठणठणीत नाही, जराशी ओल ठेवा. ओल जास्त झाली तरी गेलं, लाळेचा एक थेंब लागला तरी गेलं. मग ते पातळ औषध चोळा, मग निळा दिवा धरा, मग थोडं भरा, परत दिवा, परत थोडं भरा. इतके लाड! मी म्हणायचो जुईला, अगं हा दात आहे की जावई? ती हसायची नाही. म्हणायची, बाबा, तुमच्या चांदीसाठी चांगला दात पण कोरावा लागतो, माझ्यासाठी नाही लागत. — तिकडे बघू नका. ती दुसरी खुर्ची आहे, बस. चादर घातलीय कारण धूळ बसते. रोज पुसणार कोण? मला वेळ नाही.

हात का वर करताय? दुखतंय? मी अजून हातच लावला नाही. खिशात काय आहे? गोळ्यांची यादी असेल, नाहीतर वंदनावहिनींची भाजीची. नंतर. हात खाली घ्या, पोटावर ठेवा दोन्ही. आता हा छोटा चमचा घेऊन खड्डा साफ करतो मी — याला करवतीसारखं घाबरायचं कारण नाही — वरचं सगळं तर तुम्ही पोह्यांबरोबर गिळलंत, खाली काय राहिलंय तेवढं बघू दे... हं.

हा वास कसला?

लवंग. लवंगेचा वास आहे हा. थांबा, परत बघू दे. हो, लवंगच! रवींद्रराव, तुम्ही तेल लावता. खरं सांगा, वंदनावहिनींची ती बाटली, दर वेळी दात ठणकला की कापसाचा बोळा बुडवून आत. सगळी घरं तशीच. पाच पावलांवर डॉक्टर असला तरी आधी लवंगेचं तेल, मग मीठ-पाणी, मग शेजारणीने सांगितलेला हिंग, आणि सगळं संपलं की मग आमच्याकडे. मग पडेल नाहीतर काय होईल! हे जे पांढरं आहे ना, याला लवंगेचं तेल म्हणजे विष. तेल जिथे मुरलं तिथे ते नीट कडकच होत नाही, निळा दिवा तासभर धरा, खालून लिबलिबीतच राहतं, दात त्याला धरत नाही. आणि तुम्ही गावभर सांगता की पोरीला भरता येत नाही! तुमच्या बाटलीमुळे — मान हलवू नका. हातात टोकदार वस्तू आहे माझ्या. नाही लावलं? एकदाही नाही? मग वहिनींनी — नाही? मग हा वास आला कुठून, स्वयंपाकघरातून? हे बघा, चमच्यावर आलंय, पिवळट, खडूसारखं. हा लगदा आहे, लवंगेचं तेल आणि पांढरी पूड कालवून करतात तो. हा वंदनावहिनी नाही करू शकत. हा दवाखान्यात होतो. हे जुईने ठेवायलाच नको होतं. एमडीएसच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं की खाली हा थर असेल तर वर पांढरं भरायचं नाही. कळतं की नाही? तिने तो काढायला हवा होता. सगळा. ते तिचं —

असं बघू नका माझ्याकडे.

बोलता येत नाही तर डोळ्यांनी बोलायची गरज नाही. माहीत आहे मला तुम्हाला काय म्हणायचंय. तुम्ही होतात इथेच, याच खुर्चीत — नाही, त्या खुर्चीत, चादरीखालच्या. डिसेंबरात ठणका घेऊन आलात, तेव्हा मी लगदा घातला. घालणारच. माणूस तळमळत असेल तर लवंगेच्या लगद्यासारखं औषध नाही, दहा मिनिटांत नस झोपते. आणि तुम्ही झोपलात की नाही त्या रात्री? झोपलात. मग आठवड्याने जुईकडे पांढरं भरायला बसलात. तिने वरून उघडलं, आणि इकडे वळून म्हणाली, बाबा, हा थर मी पूर्ण काढते. आणि मी म्हटलं, राहू दे खालचा. ती म्हणाली, याच्यावर पांढरं धरत नाही बाबा. मी म्हटलं, खोल आहे, खाली नस आहे, ती उघडी पडली तर? ती म्हणाली, भिंगाचा चष्मा लावून काढते ना, आणि पंधरा दिवस दुसरं तात्पुरतं ठेवू, मग भरू. तेव्हा तुम्हीच कुरकुरलात — पंधरा दिवस? माझा कार्यक्रम आहे! आठवतं का? कार्यक्रम! चार गाणी आणि एक बटाटेवडा. मग मी म्हटलं, आजच भर. तो थर मी घातलाय, तू जन्मायच्या आधीपासून घालतोय, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतच नाही. चांदीखाली नाही बिघडत. चांदी धरतच नाही कशाला, तर तिला काय फरक पडतो खाली काय आहे त्याचा. तेच मी — हं.

आणि तिने भरलं. मी सांगितलं म्हणून भरलं. मास्क वर ओढला आणि भरलं.

थुंका. चूळ भरा. पेला डावीकडे आहे. नीट भरा, शर्टावर नको. काय? काय म्हणालात? कुठे गेला होतात? कोलार रोडला, जुईच्या नव्या दवाखान्यात? मतलब माझ्या पाठीमागे तुम्ही तिच्याकडे — वा! आधी पोरीचं नाव मंडळात धुळीला मिळवायचं, आणि मग तिच्याच दारात तोंड उघडून बसायचं. रस्ता खणलाय ना तिथे सगळा? धूळ खात गेलात? बरं झालं. आणि तिने काय केलं, भरलं? नाही भरलं. हातच लावला नाही? वरून आरसा धरून बघितलं आणि चिठ्ठी दिली. ती ही. खिशात हीच होती. मग आल्या आल्या द्यायला काय झालं होतं! — हो, मी बोलू दिलं नाही. नका सांगू. आणा इकडे.

चष्मा कुठे... हां.

इंग्रजीत लिहिलीय. मला. घरात हाक मारायला पाच वर्षांची होईपर्यंत "बाबू" म्हणायची, मोठी झाली तरी मराठीशिवाय बोलली नाही माझ्याशी, मित्रांबरोबर हिंदी चालायचं पण दारात पाय ठेवला की मराठी. ही बघा, "रिस्पेक्टेड डॉक्टर." मी रिस्पेक्टेड डॉक्टर. "पेशंट रवींद्र, वय बासष्ट." पुढे दाताचा नंबर. पुढे — खाली लवंगेच्या सिमेंटचा थर आहे, खोल आहे, ज्यांनी तो घातला त्यांनी तो काढणं अधिक सुरक्षित, कृपया पूर्ण काढावा, पंधरा दिवस बिनलवंगेचं तात्पुरतं सिमेंट ठेवावं, नंतर मी भरून देईन. खाली सही. हिच्या सहीचा जो वळसा आहे ना जु-चा, तो मी शिकवलाय, बँकेत खातं उघडलं तेव्हा. आणि वर रिस्पेक्टेड डॉक्टर.

अपमान आहे हा. दुसरं काय? दोन मिनिटांचं काम. भिंगाचा चष्मा आहे, तरुण हात आहेत, तिथल्या तिथे काढून टाकायचा थर आणि मोकळं व्हायचं. मुद्दाम पाठवलंय. म्हातारा स्वतःच्या हाताने स्वतःचं उकरेल म्हणून. उघडा. उघडा तोंड, कापूस घालतो. दिवा अजून जवळ घेतो. हा दिवा जुना झालाय.

हलायचं नाही आता. अजिबात. इथून पुढे नसेजवळ आलो. दुखलं तर डावा हात वर करा, मान नाही... हा एक तुकडा. हा दुसरा. मी घट्टच बसवतो, चाळीस वर्षांची सवय आहे. ती डिसेंबरात म्हणाली होती मी काढते, तर मी म्हटलं नस उघडी पडेल, आणि खरं सांगू, मला काय वाटलं? मला वाटलं, मी तरी कुठे काढू शकतो आता तो. मला एवढ्या खोलवर दिसत नाही, रवींद्रराव. दोन वर्षं झाली. उजेडाकडे बघितलं की कडा पुसट होतात. मी अंदाजाने जातो, हाताला कळतं. मी जे नाही करू शकत ते ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पेशंटवर करणार, आणि तुम्ही बघणार. म्हणून राहू दे खालचा थर. हे कुणाला नाही बोललो मी. तुम्ही पण ऐकलं नाही. कापूस कानात नाही घातला, पण ऐकलं नाही.

आणि तिला सगळं माहीत होतं. हाच तर तिचा प्रबंध. लवंगेच्या लगद्यानंतर पांढरं भरलं तर दात किती धरतो! दात कुणी दिले तिला? मी दिले. सव्वाशे. इथे काढलेला एकेक दात घासून, धुऊन, मिठाच्या पाण्यात घालून, लोणच्याच्या बरणीत, फ्रिजमध्ये. तिची आई कमलिनी रोज भांडायची, दह्याशेजारी लोकांचे दात ठेवता, या घरात कुणी जेवायचं की नाही? मी म्हणायचो, पोरीच्या अभ्यासाचे आहेत. मग कॉलेजात त्या दातांवर पांढऱ्याचे ठोकळे चिकटवले, अर्धे साध्या दातांवर, अर्धे आधी लगदा लावलेल्या दातांवर, आणि यंत्रात घालून ओढले. तुटेपर्यंत ओढायचं आणि कितीला तुटलं ते लिहायचं. लगद्याचे निम्म्या जोरातच सुटले. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तिने मला सगळं सांगितलं, चमचे मांडून, हा साधा, हा लवंगेचा, आणि मी बातम्या बघत होतो. हूं, हूं, म्हणत होतो. तो प्रबंध घरात दोन वर्षं पडून होता, लाल पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. मी वाचला कधी? फेब्रुवारीत. ती गेल्यावर. पहिल्या पानावर आभार मानलेत — माझ्या वडिलांचे, ज्यांनी मला दात दिले. एवढंच वाक्य. आणि ते वाचूनही मी तुमचा हा दात परत भरला, याच थरावर, तिचीच बाटली आणि तिचाच निळा दिवा घेऊन. मला वाटलं, माझ्या हातून धरेल. मला दाखवायचं होतं तिला. पोह्यांनी पडला.

दुखलं? नाही. मग हात कशाला — हो, हो, माहीत आहे, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं पण माहीत आहे. तुम्ही तो खडा कागदाच्या पुडीत घालून घेऊन आलात, बाहेर पाचजण बसलेले, आणि मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, पुस्तकं वाचून दात भरता येत नाहीत, हात लागतो त्याला. तुमच्या डोळ्यांसमोर म्हणालो. मी वाट बघत होतो, ती म्हणेल, बाबा, तुम्हीच सांगितलं होतं थर ठेव म्हणून. एवढंच म्हणायचं होतं तिने. ती म्हणाली असती तर मी — काय केलं असतं मी? ओरडलो असतो. पण ती म्हणालीच नाही. हातमोजे काढले, एकात एक घातले, डब्यात टाकले, रुमाल घेतला, गेली. आणि तुम्ही? तुम्ही डिसेंबरातलं सगळं ऐकलेलं होतं, शब्द न् शब्द. तुमच्या तोंडात तेव्हा कापूस नव्हता, रवींद्रराव! नळी नव्हती! एक वाक्य बोलला असतात — डॉक्टर, ती नको म्हणत होती — एक वाक्य. मंडळात दोन तास बोलता, दूधवाल्याशी अर्धा तास बोलता, आणि तिथे गप्प बसून राहिलात, पुडी मांडीवर घेऊन. मी तुम्हाला माफ नाही करणार. मला कुणी करायचं ते मला माहीत नाही, पण तुम्हाला नाही करणार मी.

थांबा.

निघाला. सगळा. हा शेवटचा पापुद्रा... चूळ नको अजून, बघू दे. थोडं डावीकडे वळा. कडक आहे. टोकाने वाजवून बघतो, हं, खट् वाजतंय. खाली दात शाबूत आहे. नस कुठे उघडी पडली? कुठेच नाही. चांगला बोटभर — बोटभर नाही, पण पुष्कळ दात आहे अजून. तिने तेव्हा काढला असता तर काही झालं नसतं. तिला दिसत होतं. तिला दिसत होतं म्हणून ती म्हणत होती.

आणि कोलार रोडला तिने काढला नाही याचं कारण... गप्प बसा, मी विचार करतोय. तिथे तिने काढला असता, आणि विचारलं असतंत तुम्ही, याच्यामुळेच पडलं का, तर तिला हो म्हणावं लागलं असतं. खोटं ती बोलत नाही. आणि मग तुम्ही पाडव्याला हा पिवळा खडा तळहातावर घेऊन हॉलभर फिरला असतात — बघा, डॉक्टरांनी घातला होता, चाळीस वर्षांचे डॉक्टर! म्हणून हात नाही लावला. म्हणून रिस्पेक्टेड डॉक्टर, म्हणून इंग्रजीत, म्हणजे तुमच्यासारख्याने रस्त्यात उघडून वाचली तरी त्यात बाप सापडू नये. तुम्ही वाचली ना? वाचलीच असणार. आणि मी म्हणतोय अपमान. मी मूर्ख माणूस आहे. हे पण ऐकलं नाही तुम्ही.

आता तात्पुरतं भरून देतो, उघडंच ठेवा. कुठे गेली ती — बघा, बघा माझा हात कुठे गेला! लवंगेच्या बाटलीकडे. बघायची पण गरज नाही, हात आपला आपण जातो. दुसरं काही नाहीच माझ्याकडे. बिनलवंगेचं मी कधी आणलंच नाही, म्हणायचो, कशाला हवं? ... तिच्या खणात असेल. त्या खुर्चीखालच्या. एक मिनिट, तसेच पडून राहा, मिटू नका.

ही चादर कमलिनीनेच खोचलीय, निघत पण नाही. निघाली. — आहे. छोटी डबी, वर तिने तारीख घातलीय, अजून चालेल. हातमोजे पण तसेच आहेत, लहान मापाचे. भिंगाचा चष्मासुद्धा इथेच सोडून गेली, बघा. मग तिथे काय लावते? नवीन घेतला असेल. की घेतला नसेल. कमलिनी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जाते तिकडे, येऊन मला काही सांगत नाही, मी काही विचारत नाही. ... हं, मोठं दिसतं याच्यातून. केवढं मोठं दिसतं. तुमच्या दाताची कड आणि कड दिसतेय, रवींद्रराव. पूर्वी मला अशी दिसायची. — इथे कोपऱ्यात एक कण राहिलाय अजून. तुम्हाला सांगतोय मी निघाला सगळा, आणि राहिलाच होता. आता निघाला. आता धुतो, पुसतो, हे दाबतो, चावा. हळू. परत चावा. झालं.

चूळ भरा आणि नीट ऐका. पंधरा दिवस त्या बाजूने गजक नाही, सुपारी नाही, पोहे खा हवे तेवढे. पंधरा दिवसांनी इकडे यायचं नाही. कोलार रोडला जायचं. — नाही, चिठ्ठी-बिठ्ठी नाही देणार मी, मला लिहिता येणार नाही. आणि हे घ्या. कागदात बांधून देतोय ते. तुमच्या दातातनं निघालेला लवंगेचा थर आहे, सगळे तुकडे. तुम्हाला दाखवत फिरायची हौस आहे ना? पाडव्याला मंडळात न्या. तसेच मधोमध उभे राहा, असेच तळहातावर घ्या, आणि त्या दिवशी जेवढ्या मोठ्याने बोललात तेवढ्याच मोठ्याने सांगा, हा कुणी घातला आणि कुणी नको म्हटलं होतं. त्या चष्मेवाल्या बाईंना जवळून दाखवा. मी दाराशीच असेन. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मग तुम्ही गप्प बसला होतात तेही सांगेन. ठेवा खिशात. ठेवा म्हणतो ना!

कोलार रोडला मात्र एक शब्द बोलायचा नाही. बाबांनी असं केलं, बाबा असं म्हणाले, काही नाही. खुर्चीत बसायचं आणि नुसतं तोंड उघडायचं. ती आत बघेल.

उठा आता. बाहेर कोण आहे त्याला पाठवा. सांभाळून, खाली चादर पडलीय, पायात येईल. राहू द्या. उचलू नका.